नातवाचे दात आणि आमच्या घराचं वेळापत्रक

दंत महाविद्यालयाच्या केसपेपरवर ‘पालकाचे नाव’ असा एकच रकाना असतो. खिडकीतल्या मुलीने विचारलं, मी मुलाचं नाव सांगितलं. कागदोपत्री तेच बरोबर. प्रत्यक्षात आमच्या नातवाला सकाळी उठवतो मी, दूध देते आमची सौ., अंगणवाडीत सोडतो मी, दुपारी भरवते पुन्हा सौ., संध्याकाळी दोन तास तो शेजारच्या शिकवणीला असतो आणि रात्री त्या वेळी जो कोणी जागा असेल तो त्याला झोपवतो. मुलगा रांजणगावला कंपनीत, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सूनबाई लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात. सकाळी साडेनऊला पुण्यातल्या आमच्या अप्पर भागातून बस धरते ती रात्री साडेनऊला घरी. लग्नसराईत त्याहून उशीर.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की पोरं सांभाळण्याची ही वाटणी त्याच्या दातांशी जोडलेली आहे, हे मला पुढच्या काही महिन्यांत कळत गेलं.

नातू पाच पूर्ण. खालच्या डाव्या दाढेच्या बाजूला हिरडीवर पुळी आली होती. जवळच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, औषध देतो. औषधाने पुळी बसली, महिन्याने पुन्हा वर आली. त्याआधी अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येऊन गेलं होतं आणि त्यांनी ‘दंतक्षय, पुढे पाठवावे’ अशी चिठ्ठी दिली होती. ती चिठ्ठी दप्तरात तशीच होती. सौ.ला वाटलं सूनबाईने वाचली असेल, सूनबाईला वाटलं मी. सहा माणसांच्या घरात कागद असाच हरवतो.

बालदंतचिकित्सेच्या विभागात, ज्याला तिथे सगळे ‘पेडो’ म्हणतात, आम्हाला एक पीजी करणारी डॉक्टर मुलगी मिळाली. वय आमच्या धाकट्या भाचीएवढं. तिने नातवाचा वरचा ओठ अंगठ्याने अलगद वर केला आणि काही न विचारता म्हणाली, “काका, हा रात्री बाटलीने दूध पितो ना? साखर घातलेलं?”

माझी सगळी नोकरी भोसरीत स्टोअरकीपर म्हणून गेली. आलेला माल नुसता बघून कुठे मार लागलाय ते ओळखणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. मी विचारलं, कसं ओळखलंत? तिने आरसा माझ्या हातात दिला आणि दाखवलं. वरचे पुढचे चारही दात तपकिरी, त्यातले मधले दोन हिरडीपर्यंत झिजून नुसते खुंट उरलेले. खालचे पुढचे दात मात्र पांढरे स्वच्छ, तांदळासारखे. बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर येते आणि लाळेच्या काही ग्रंथींची तोंडंही जिभेखालीच असतात, त्यामुळे खालचे दात वाचतात. वरचे दात दुधात भिजत राहतात. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणजे धुवायलाही कोणी नाही. दाढांवर खड्डे होतेच, वर आणि खाली दोन्हीकडे.

मग क्ष-किरण चित्रं काढली. पुळीच्या दाढेखाली काळसर डाग दिसत होता, आणि त्याच्याखाली कायमच्या दाढेचा अंकुर. ती म्हणाली, दुधाच्या दाढा पडायला दहावं-बारावं वर्ष उजाडतं. तोवर त्यांनी चावायचंही असतं आणि खालून येणाऱ्या दाताची जागाही धरून ठेवायची असते. पू तसाच राहिला तर खालच्या अंकुरालाही इजा होऊ शकते. ‘पडणारच आहेत’ या वाक्याचं काय करायचं ते मला तिथेच कळलं.

“पुढच्या वेळी आईला घेऊन या,” ती म्हणाली.

सूनबाईने अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेतला आणि आली. त्या दिवशी विभागातले एक मोठे सर फेरीवर होते. त्यांनी तोंडात बघितलं, सूनबाईकडे बघितलं आणि सगळ्या विद्यार्थ्यांसमोर म्हणाले, शिकलेल्या दिसता, मुलाच्या तोंडाकडे लक्ष नको का द्यायला? सूनबाई काही बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मी मध्ये पडलो आणि म्हणालो, सर, हा पोरगा जागा असतो त्यातला जेमतेम दीड तास आईला मिळतो, उरलेल्या वेळेचा हिशेब आम्हाला विचारा. सर पुढच्या खुर्चीकडे वळले. डॉक्टर मुलगी थांबली. तिने ड्रॉवरमधून एक छापील तक्ता काढला: आठवडाभर मुलाने काय खाल्लं, काय प्यायलं, किती वाजता, सगळं लिहून आणायचं.

हे काम माझ्या हातचं. छापील तक्ता अपुरा वाटला म्हणून मी जुन्या रजिस्टरची पानं काढली आणि एक जादा रकाना आखला: कोणाच्या हातून. स्टोअरमध्ये माल कोणी दिला ही सही असल्याशिवाय नोंद पुरी होत नाही, ती सवय. घरात सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटली, मग थोडा राग आला. सौ. म्हणाली, “अहो, आता मी पोराला खाऊ द्यायला पण सही करू का?” मी म्हणालो सही नको, नुसतं सांग.

एका गुरुवारचं पान असं होतं. सात वाजता दूध, दोन चमचे साखर, बाटलीने: आजी. साडेआठला चहात बुडवून ग्लुकोजची तीन बिस्किटं: आबा. अंगणवाडीत खिचडी. साडेबाराला दत्तमंदिरातला पेढा, अर्धा: शेजारच्या काकू. एकला वरणभात, मोबाइल लावून, पाऊण तास: आजी. दोनला रडला म्हणून खडीसाखर: आजी. चारला साखर-तुपाची पोळी गुंडाळून: आजी. पाचला पाढा न चुकता म्हटला म्हणून गोळी: शिकवणीच्या बाई. साडेसहाला पाच रुपयांचा कुरकुरीतचा पुडा: ताई, म्हणजे आमची थोरली नात. आठला पोळी-भाजी. सव्वानऊला खोकल्याचं गोड औषध: बाबा. साडेनऊला बाटली: आई.

डॉक्टर मुलीने लाल पेन घेऊन साखरेच्या आणि दाताला चिकटणाऱ्या प्रत्येक नोंदीभोवती गोल काढायला सुरुवात केली. जेवणावर गोल नव्हता. गोल सगळे जेवणांच्या मधल्या जागेत. मग ती माझ्या जादा रकान्यावर आली आणि बराच वेळ थांबली. सगळा आठवडा उलटून पाहिला. आईच्या नावापुढे रात्रीची बाटली तेवढी होती, तीही रविवार सोडून, कारण रविवारी सूनबाई त्याला गोष्ट सांगून झोपवते. आजीच्या नावापुढे सगळ्यात जास्त गोल. पण तसं म्हटलं तर पोरगं सगळ्यात जास्त वेळ असतंही तिच्याचकडे.

तिने तेव्हा जे समजावलं ते मी घरी आल्यावर माझ्या भाषेत सगळ्यांना सांगितलं. तोंडात जंतू असतात, ते साखर खाऊन आम्ल करतात आणि आम्लाने दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं. लाळ ते आम्ल हळूहळू उतरवते, दाताची झीज भरून काढते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. गोदामात दिवसातून तीनदा ट्रक आला तर हमाल तो उतरवून दम खातात. दर तासाला टेम्पो येत राहिला तर माल रस्त्यावरच पडून राहतो. किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे दाताला जास्त लागतं. एका बैठकीत जेवणाबरोबर खाल्लेला आख्खा पेढा परवडला, तासातासाला चाटलेली खडीसाखर नाही.

एक गोष्ट मला अगदीच नवी होती. मोबाइल बघताना नातू घास गालात धरून ठेवतो, गिळतच नाही, हे आम्ही सगळे रोज बघतो. त्याला आम्ही ‘हळू जेवतो’ म्हणायचो. पाऊण तास भाताचा गोळा दाढेशी धरलेला, म्हणजे दाढेला पाऊण तास काम. भातातल्या पिठाचीही तोंडात साखर होतेच.

सौ.चं म्हणणं होतं की हे सगळं नशिबाचं आहे, आमच्या घराण्यातच दात कच्चे. माझे चाळिशीतच हलायला लागले होते, हे खरं. पण मग थोरल्या नातीचं काय? तीच आई, तोच बाप, तेच रक्त, आणि चौथीतल्या पोरीच्या तोंडात एकही खड्डा नाही. फरक आहे तो दिवसांचा. ती लहान होती तेव्हा सूनबाई नोकरी करत नव्हती आणि पोर निम्मं वर्ष आजोळी, भोरला असायची. तिथे दुकान लांब, दूध पेल्यातून, रात्री नऊला दिवे बंद. धाकटा झाला तोवर घराचा हप्ता सुरू झाला होता, दोन पगार लागत होते, आणि आमच्या बिल्डिंगच्या खालीच किराणा दुकान उघडलं होतं, दारात पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा. घरकाम करून थकलेल्या साठीपुढच्या बाईला रडणारं पोर गप्प करायला पाच रुपयांइतका स्वस्त दुसरा उपाय नाही. विभागातल्या भिंतीवर तक्ता लावलेला आहे, त्यात सफरचंद, स्ट्रॉबेरी आणि चीज. ते चित्र काढणाऱ्याला एकदा आमच्या घरी महिनाअखेरीला जेवायला बोलवायला हवं.

डॉक्टर मुलगी त्या बाबतीत शहाणी निघाली. ती म्हणाली, पेरू, काकडी, गाजर, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे. मार्केट यार्ड आम्हाला जवळ, पेरू तिथे सहज मिळतात. आणि तिने आणखी एक केलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. म्हणाली, “पुढच्या वेळी आईंना सुट्टी घ्यायला लावू नका. आजींना आणा.”

सौ. यायला तयार नव्हती. तिला वाटलं आता तिची पाळी, सगळ्यांसमोर बोलणी बसणार. नवं पातळ नेसून, ओठ घट्ट मिटून बसली. डॉक्टर मुलीने दाताचं नावच काढलं नाही. विचारलं, “आजी, तुमचा मुलगा लहान होता तेव्हा काय खायचा?” झालं, सौ. सुरू. सकाळी भाकरी-दूध, दुपारी भाकरी-आमटी, संध्याकाळी शेंगा. साखर रेशनची, ती पाहुण्यांच्या चहाला. गोड म्हणजे सणाला. बोलता बोलता स्वतःच म्हणाली, “तेव्हा बिस्किटाचा पुडा होता कुठे घरात? आता काय, हात घातला की पुडा.” डॉक्टर मुलीने मान हलवली आणि पुढे गेली. दुधात साखर एकदम बंद नको, दोन चमच्यांचा दीड, मग एक, मग अर्धा. बाटली हवीच असेल तर तिच्यात फक्त पाणी, दूध पेल्यातून. औषध ब्रशच्या आधी.

याच भेटीत नातवाने भर विभागात सांगून टाकलं, “आजी पण दात घासते, काळं काळं,” आणि तर्जनी हिरडीवरून डावीकडून उजवीकडे फिरवून दाखवली, मग बोट फ्रॉकला पुसतात तसं चड्डीला पुसलं. हुबेहूब. मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सौ. लहानपणापासून लावते, तिची आई लावायची. आमच्या पिढीत गावाकडच्या बायकांच्या कमरेला ती डबी असायचीच, आणि दात दुखला की लहान पोरीच्या हिरडीवर पहिलं बोट आईच फिरवायची. सवय लागते ती तिथून. नातवाने डबीला अजून हात लावला नव्हता, पण कृती पाठ होती.

डॉक्टर मुलीने सौ.चंही तोंड बघितलं. खालच्या ओठाच्या आत, जिथे मिश्री साठते तिथे, पांढुरका खरखरीत चट्टा होता. तिने आम्हाला खालच्या मजल्यावरच्या विभागात पाठवलं. तिथे तुकडा काढून तपासला. कर्करोग नाही, पण मिश्री चालू ठेवली तर हा चट्टा बदलू शकतो, दर काही महिन्यांनी दाखवायचा, असं सांगितलं. दात दाखवायला गेलो नातवाचे आणि काळजी घेऊन आलो तिची. मिश्री सुटली का? सकाळची सुटलेली नाही. दुपारची आणि रात्रीची सुटली, आणि सकाळची आता न्हाणीघराचं दार लावून. पन्नास वर्षांची सवय आहे, मी तिच्यामागे फार लागत नाही. डॉक्टर लागतात.

उपचारांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवल काही नाही. पुळीची दाढ काढावी लागली आणि जागा बुजू नये म्हणून तिथे तारेची कडी बसवली. दोन दाढांची नस साफ करून त्यांवर स्टीलच्या टोप्या बसवल्या. वरचे दोन खुंट काढले. उरलेल्या दातांवर कीड रोखायला फ्लोराइडचं वार्निश, पिवळसर थर येतो, त्या दिवशी कडक काही खायचं नाही.

नवल होतं ते पोराला खुर्चीत बसवण्यात. आमच्या घरी पोरगं ऐकेना की सौ. म्हणायची, “थांब, डॉक्टरकडे नेते, सुई टोचायला सांगते.” शेजारीपाजारी सगळेच म्हणतात. त्यामुळे पहिल्या दिवशी तो दारातूनच ओरडायला लागला. डॉक्टर मुलीने आम्हाला बाजूला घेऊन नियम घातला: घरात सुई हा शब्द काढायचा नाही, आणि ‘दुखणार नाही हं’ असंही म्हणायचं नाही, कारण दुखण्याचा विचार त्याने केलेला नसला तरी त्या वाक्याने सुरू होतो. मग ती प्रत्येक वस्तू आधी सांगायची, मग त्याच्या तळहातावर चालवून दाखवायची, मग तोंडात. हवेची नळी म्हणजे पिचकारी, पाणी ओढणारी नळी म्हणजे तहानलेला हत्ती. दाताला झोपवायचं म्हणून आधी गोड वासाची जेली लावली, सुई तिने हाताच्या आड कशी आणली ते मला शेजारी उभं राहूनही दिसलं नाही. सौ.ने पाय धरून बसायचं आणि बोलायचं नाही, असं ठरलं होतं. ती बोलली नाही, पण तिचे ओठ रामरक्षा म्हणत होते. स्टीलच्या टोप्यांना तो आता ‘चांदीचे दात’ म्हणतो आणि अंगणवाडीत पोरांना आ करून दाखवतो.

रात्रीचा ब्रश हा घरातला खरा तंटा. मुलाला सात-आठ वर्षांपर्यंत स्वतः नीट घासता येत नाही, मोठ्या माणसाने घासायचं. कोणी? सूनबाई येते तोवर तो पेंगलेला असतो, मुलगा दुसऱ्या शिफ्टला असला की मध्यरात्री येतो. शेवटी स्वयंपाकघराच्या दारावर मी तक्ता लावला, साडेआठची वेळ, पुढे घासणाऱ्याची सही. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात मुलगा, एरवी मी. त्याचं डोकं मांडीवर घ्यायचं, म्हणजे वरच्या दाढा दिसतात. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, थुंकायचं, पण वर पाणी घेऊन चूळ भरायची नाही, पेस्ट थोडी राहू द्यायची. सौ.ला ते अजून पटलेलं नाही, तिच्या मते चूळ भरल्याशिवाय तोंड उष्टंच. रविवारी सूनबाई घासते. त्या दिवशी तिची सही मोठी असते.

परवाच्या भेटीत डॉक्टर मुलीने मागच्या बाजूला नवीन दाढ उगवताना दाखवली. ही कायमची. सहाव्या वर्षाच्या आसपास येते, दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात पडल्याशिवाय. म्हणून घरात कोणाच्या लक्षातच येत नाही आणि दुधाची समजून तिला किडू देतात. ती पूर्ण वर आली की तिच्या खाचा सीलंटने बुजवायच्या. थोरलीलाही घेऊन या म्हणाली, तिच्याही दाढा बघू.

आठवडाभराचं रजिस्टर पुन्हा नेलं होतं. आजीच्या नावापुढचे गोल निम्म्याहून खाली आले, माझ्या बिस्किटांच्या जागी फुटाणे आले. बाबाचं औषध साडेआठच्या आधी. शिकवणीच्या बाईंची गोळी मात्र रोजची रोज तिथेच, पाढे पाठ होतायत त्या मानाने वाढलीच आहे. त्यांच्याशी बोलायचं काम सूनबाईने स्वतःकडे घेतलंय. वार्निशची पुढची तारीख दिवाळीच्या आधीची मिळाली आहे. शंकरपाळे दिवसभर डब्यातून की फक्त जेवणाच्या ताटात, यावर सौ.चं आणि माझं अजून ठरलेलं नाही.